नागपुरात राहून डावखुरा बास बनवून घेताना

डावखुऱ्या बास गिटारवादकाला दुकानात निवड करायला मिळत नाही. बर्डी असो की सदर, वाद्यांच्या दुकानात भिंतीवर टांगलेले बास जवळपास सगळे उजव्या हाताचे असतात. डाव्या हाताचा विचारला की "मागवून देतो" असं उत्तर येतं. तो येतो तेव्हा मॉडेल एकच, रंग एकच, आणि हातात घेण्याआधी पैसे मोजलेले. एवढे पैसे न वाजवलेल्या वाद्यावर घालायचेच असतील, तर ते आपल्या हातासाठी घडवलेल्या वाद्यावर घालावेत असं माझं ठाम मत आहे. एकट्याने किंवा दोन-तीन मदतनिसांसह काम करणारे लुथिअर, म्हणजे तंतुवाद्यं घडवणारे कारागीर, आता आपल्याकडे आहेत. पहिल्यांदाच अशी ऑर्डर देणाऱ्यांसाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कारागीर कितीही चांगला असला तरी त्याचा हात वर्षानुवर्षं उजव्या बासवर बसलेला असतो. तुम्ही जे लिहून द्यायला विसराल, ते उजव्या हाताचं होऊन येईल.

हात कोणता, हे आधी ठरवा

डाव्या हाताने लिहिता-जेवता म्हणून बासही डावाच हवा, असं नाही. वाजवायला अजून सुरुवातच केली नसेल तर मित्राचा उजवा बास महिनाभर आणून बघा. तार छेडणाऱ्या हाताकडे लय असते. उजव्या हाताची दोन बोटं तालात बसत असतील तर उजवाच शिका. आयुष्यभर कोणाचाही बास उचलून वाजवता येईल. पण बोटं सतत अडखळत असतील, किंवा तुम्ही आधीपासूनच डाव्याने वाजवत असाल, तर लोकांच्या सांगण्यावरून हात बदलू नका.

तिसरा प्रकारही आहे. काही डावखुरे उजवा बास तारा न बदलता उलटा धरूनच शिकतात, त्यामुळे जाड ई तार खाली आणि बारीक जी तार वर असते. अमेरिकन बासवादक जिमी हॅस्लिप असाच वाजवतो. तुमची सवय अशी असेल तर ती पहिल्या बोलण्यातच सांगा. अशा बासची बॉडी डावी लागते, पण नट (नेकच्या, म्हणजे दांडीच्या, टोकाला असलेली तारांच्या खाचांची पट्टी) आणि ब्रिज (बॉडीवर तारा अडकवतात तो भाग) यांच्यावरचा तारांचा क्रम उजवा लागतो.

मापं: आपलं शरीर मोजून द्या

मिरजेच्या सतारमेकरांकडे तंबोरा करून घ्यायला गेलेला गवई आधी आपला स्वर सांगतो, आणि तो ऐकून भोपळा आणि दांडी ठरते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे अशीच माणूस बघून वाद्य घडवण्याची परंपरा आहे. बाससाठी स्वराच्या जागी तुमचे हात, खांदा आणि वाजवण्याची रीत येते.

पहिलं माप स्केलचं, म्हणजे नटपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंत (तार टेकते त्या तुकड्यापर्यंत) तारेची कंप पावणारी लांबी. अमेरिकन गिटार-निर्माता लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला तेव्हा ती ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर ठेवली, आणि आजही बहुतेक बास त्याच मापाचे असतात. ३० इंची शॉर्ट स्केलवर फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जवळजवळ येतात, तार सैल लागते आणि आवाज गोलसर होतो. लहान हाताला किंवा खांदा दुखणाऱ्याला तो मोठा दिलासा आहे. ३२ इंच ही मधली वाट. पाच तारांच्या बासमध्ये खालची बी तार ताठ राहावी म्हणून काही जण ३५ इंच मागतात. पहिलाच बास असेल तर चार तारा आणि ३४ किंवा ३२ इंच घ्या, असं मी सांगेन.

नटपाशी नेकची रुंदी फेंडरच्याच जॅझ बास या मॉडेलच्या धर्तीवर ३८ मिलिमीटर असते, प्रिसिजनच्या धर्तीवर ४१ ते ४४. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण पहिल्या चार फ्रेटवर तासभर वाजवल्यावर मनगटाला कळतो. ब्रिजपाशी दोन तारांमध्ये १९ मिलिमीटर अंतर सर्वसाधारण समजतात. अंगठ्याने तारेवर आपटून (स्लॅप) वाजवणाऱ्यांनी ते कमी करू नये. वजनाची कमाल मर्यादा लेखी द्या: चार किलोच्या आसपास ठीक, साडेचारच्या वर नको. गणेशोत्सवात तीन तास उभं राहून वाजवलं की अर्ध्या किलोचा फरक पाठीला समजतो.

आकार ठरला की लुथिअरकडून पूर्ण मापाचं रेखाचित्र मागा. आर्किटेक्टांचे नकाशे छापून देणाऱ्या दुकानात प्लॉटरवर ते एकास एक छापून मिळतं. ते जाड पुठ्ठ्यावर किंवा पातळ प्लायवर चिकटवून कापा, पट्टा लावा आणि आरशासमोर उभे राहा. बॉडीचं वरचं शिंग साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत पोहोचतं का, हे पाहा. पट्ट्याचं बटण त्या शिंगाच्या टोकाला असतं. ते मागे राहिलं तर हेडस्टॉक (नेकचं कीज असलेलं टोक) जमिनीकडे झुकतो आणि फ्रेट दाबणाऱ्या हाताला वाजवता वाजवता नेकही उचलून धरावी लागते. बसून वाजवणार असाल तर मांडीवर ठेवूनही बघा. खालच्या शिंगाची खाच खोल असेल तरच वरच्या फ्रेटपर्यंत बोटं जातात.

लुथिअर कसा पारखायचा

नागपुरात असे कारागीर मोजकेच सापडतील; बहुतेकांना पुणे, मुंबई, गोवा, बेंगळुरू, कोलकाता इकडे चौकशी करावी लागते. अंतराने बिघडत नाही, कारण निम्मं काम फोटो आणि व्हिडिओ कॉलवर होतं. चकचकीत फोटोंपेक्षा तीन साध्या गोष्टींचे जवळून घेतलेले फोटो मागा: फ्रेटची टोकं, नेक बॉडीला जोडली आहे तिथली फट, आणि मागचं झाकण काढून आतली वायरिंग. हात स्वच्छ असेल तर तो इथे दिसतो. दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांशी बोला. "बास कसा आहे" एवढं विचारून थांबू नका. ठरलेल्या वेळेत मिळाला का, आणि वर्षभराने तक्रार केली तेव्हा फोन उचलला का, हेही विचारा.

याआधी डावा बास केला आहे का, हे सरळ विचारायचं. "नाही" म्हणाला तरी माणूस बाद होत नाही. पुढची यादी ऐकून तो प्रश्न विचारतो का, ते महत्त्वाचं. जो "काही फरक नसतो, उलटा करायचा फक्त" म्हणतो, त्याच्यापासून मी दूर राहीन.

डावेपणाचे जास्तीचे पैसे मागितले तर कशाचे, ते विचारा. हाताने टेम्प्लेट लावून कापणाऱ्याला टेम्प्लेट पालथं घातलं की झालं. खास सुटे भाग मागवावे लागले किंवा मशीनचं प्रोग्रामिंग नव्याने करावं लागलं, तर थोडी जास्त रक्कम रास्त आहे.

डावेपणाची यादी

हे सगळं शब्दांत आणि चित्रात, दोन्ही लिहून द्या. 'डावा' हा एकच शब्द पुरत नाही. सुरुवात अशी करा: "दादा, बास गळ्यात घातल्यावर हेडस्टॉक माझ्या उजव्या हाताकडे असेल. उजव्या हाताने फ्रेट दाबणार, डाव्याने तारा छेडणार. जाड ई तार माझ्या चेहऱ्याकडे." एवढ्या तीन वाक्यांनी निम्मे गोंधळ टळतात.

मग नट. त्याच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. ४५ ते १०५ (इंचाचे हजारावे भाग) जाडीच्या तारांच्या संचात जी तार साधारण १.१ मिलिमीटरची, तर ई २.७ च्या जवळपास. खाचांचा उतारही हेडस्टॉककडे असतो, म्हणून तयार नट उलटा फिरवून बसवता येत नाही. हाडाचा कोरा तुकडा घेऊन डाव्या क्रमाने कापायला सांगा.

कितवा फ्रेट ते दाखवणारे बाजूचे ठिपके हमखास विसरले जातात. वाजवताना आपण फ्रेटबोर्डचा दर्शनी भाग बघत नाही, नेकच्या वरच्या कडेवरचे ठिपके बघतो. डाव्या बासमध्ये ते दुसऱ्या कडेवर येतात. सवयीच्या हाताने जुन्या कडेला भोकं पाडली की ती बुजवता येतात, पण खूण राहते. नेक घडत असताना या कडेचा फोटो मागून घ्या.

ट्युनिंग की एका ओळीत चार असतील तर डाव्या हाताचा संच मागवावा लागतो. उजव्या संचाच्या कीज तशाच लावल्या तर भलत्या बाजूला फिरतात. संच मिळायला वेळ लागत असेल तर हेडस्टॉकवर दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला अशी रचना घ्या. त्यात दोन डाव्या आणि दोन उजव्या कीज लागतात, म्हणून तोच संच दोन्ही प्रकारच्या बासला चालतो.

पिकअपमध्ये (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात) सगळ्यात सोपा सोपबार, कारण आयताकृती असल्याने त्याला डावं-उजवं नसतं. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप घेणार असाल तर लक्ष द्या. मूळ रचनेत ई आणि ए तारांखालचा तुकडा नेककडे असतो, डी आणि जीखालचा ब्रिजकडे. डाव्या बासमध्येही हे नातं तेच ठेवायचं असेल तर लाकडातली खोबण आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागते. उजव्या बॉडीची खोबण तशीच राहिली तर हे नातं उलटं होतं. काहींना तो आवाजही आवडतो, पण तो तुम्ही निवडलेला असावा.

व्हॉल्यूमच्या पॉटबद्दल (नॉबखालच्या फिरणाऱ्या भागाबद्दल) लुथिअरशी सविस्तर बोला. उजव्या बासवर नॉब घड्याळाच्या दिशेने फिरवला की आवाज वाढतो. डाव्यावर नैसर्गिक हालचाल याच्या उलट असते. पण साध्या लॉग पॉटच्या वायरी फक्त उलटवल्या तर आवाज आणि नॉब यांचा मेळ बिघडतो. सगळा बदल फिरण्याच्या एका टोकाला गोळा होतो आणि उरलेल्या भागात नॉब फिरवूनही फारसं काही होत नाही. त्यासाठी 'सी' खुणेचा रिव्हर्स लॉग पॉट लागतो. तो इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळत नाही, म्हणून दोन जास्तीचे मागवून ठेवायला सांगा. दिशेची तुम्हाला पर्वा नसेल तर साधा पॉट नेहमीच्या दिशेने लावणं सर्वांत निर्धोक. मी स्वतः हाच सल्ला देतो, कारण पुढे पॉट बिघडला तर कुठलाही टेक्निशियन बदलू शकतो.

जॅक, बॅटरीचं झाकण आणि पिकगार्ड यांच्या जागा चित्रात दाखवा. आणि बास ठेवायची पेटी, म्हणजे केस. बॉडीच्या आकाराची केस बहुधा उजव्यासाठीच बनलेली असते, डावा बास तिच्यात नीट बसत नाही. आयताकृती केस घ्या.

लाकूड आणि आपलं हवामान

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली उतरते. ऑगस्टमध्ये हीच आर्द्रता ऐंशीच्या वर जाते. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, म्हणून ते फुगतं आणि आकसतं. फ्रेटबोर्ड आकसला की फ्रेटची धातूची टोकं कडेला बाहेर येऊन बोटांना टोचतात. समुद्रकाठच्या दमट हवेत घडलेला बास एप्रिलमध्ये नागपुरात आला तर हे पहिल्याच पंधरवड्यात होऊ शकतं. म्हणून लुथिअरला शहराचं नाव सांगून थांबू नका, हे आकडे द्या. लाकडातला ओलावा मीटरने मोजून साधारण आठ ते दहा टक्क्यांवर आल्यावरच काम सुरू करायला सांगा.

नेक एकसंध लाकडाची घेण्यापेक्षा तीन किंवा पाच उभ्या पट्ट्या जोडून केलेली घ्या. एका पट्टीचा पीळ दुसरी अडवते. आत दोन्ही दिशांनी काम करणारा ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी धातूची सळी) हवा, आणि जोडीला कार्बन फायबरच्या दोन सळ्या. आपल्या हवेत यावर केलेला खर्च वाया जात नाही.

बॉडीसाठी विदर्भातल्या माणसाच्या मनात पहिलं नाव सागवानाचं येतं, आणि आलापल्लीच्या सागाचा लौकिक खराच आहे. साग हवामान झेलतो, पण त्याचं वजन घनमीटरला ६५० किलोच्या आसपास असतं. बासमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या अल्डरपेक्षा अख्खी सागवानी बॉडी किलोभर जड भरू शकते. आतून पोकळ कप्पे कोरून घेतले तर वजन आवाक्यात येतं. साग तेलकटही असतो. चिकटवण्याआधी ताजा रंधलेला पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो, नाहीतर सांधा पुढे सुटतो. सागावर काम केलेल्या कारागिराला हे माहीत असतं. विचारून खात्री करा. मला स्वतःला शिवण जास्त पटतं. आपल्याच जंगलातलं हे लाकूड हलकं आहे आणि वाळल्यावर फारसं वाकत-फुगत नाही. फ्रेटबोर्डला शिसव उत्तम.

महालातला एखादा जुना वाडा उतरला की त्याच्या तुळया लकडगंजात येतात, आणि आजोबांच्या घराच्या लाकडाचा बास व्हावा असं अनेकांना वाटतं. ही इच्छा मला फार जवळची आहे. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड स्थिर असतंच. पण त्यात मोडके खिळे असतात, ते यंत्राची पाती मोडतात. कीड असू शकते. भेगा वरून दिसत नाहीत. आधी लुथिअरला फोटो पाठवा, त्याने होकार दिला तरच तुकडा पाठवा, आणि आतून खराब निघाला तर काय करायचं ते आधीच ठरवा. लाकूड विकत घेतलं असेल तर बिल जपून ठेवा. सागाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत.

परदेशी लुथिअरकडून मागवणार असाल तर शिसवाची धास्ती नको. २०१७ पासून शिसवाच्या जातीतली, ब्राझिलियन शिसव सोडून, सगळी लाकडं साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, पण तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून त्यातून सूट आहे. सीमाशुल्क आणि कर मात्र किमतीत धरा.

रंगाबद्दल एवढंच: पातळ तेलाचं किंवा मॅट फिनिश घरी दुरुस्त करता येतं, जाड चकचकीत लेप येत नाही.

पैसे आणि कागद

सगळे पैसे आधी देऊ नका आणि अगदीच थोडे देऊन कारागिराला अडवूनही ठेवू नका. लाकूड आणि सुट्या भागांपुरती आगाऊ रक्कम, नेक-बॉडी कापून फोटो आल्यावर दुसरा हप्ता, आणि वाजताना व्हिडिओ पाहिल्यावर उरलेले, ही रीत दोघांनाही सोयीची असते. एकट्याच्या कार्यशाळेत सहा महिने लागणं नेहमीचं आहे, वर्षही लागतं. दर आठवड्याला फोन करू नका. टप्प्यागणिक फोटो ठरवून घ्या.

दोन पानांचा करार करा. त्यात वरची सगळी यादी, वजनाची मर्यादा, तारखा, आणि चूक झाली तर दुरुस्तीचा व पाठवणीचा खर्च कोणाचा, हे असावं. ठिपके चुकीच्या कडेला आले तर नवीन फ्रेटबोर्ड की सवलत, हेही. दोघांनी सही केलेलं चित्र सोबत जोडा. प्रकरण अगदीच फिसकटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नागपूरच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, कारागीर कुठल्याही राज्यातला असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. तिथे हा कागदच कामी येतो.

आणणं, तपासणं, पहिलं वर्ष

जमत असेल तर स्वतः जाऊन आणा. कार्यशाळेत तासभर वाजवून मिळतं आणि राहिलेल्या गोष्टी तिथेच दुरुस्त होतात. येताना रेल्वेत बास आपल्या बर्थवर शेजारी ठेवा. विमानाने किंवा कुरिअरने येणार असेल तर तारा थोड्या सैल, हेडस्टॉकखाली मऊ आधार, हार्ड केस आणि बाहेरून खोका, शिवाय विमा. ताबा शक्यतो ऑक्टोबर ते फेब्रुवारीत घ्या. घरी आल्यावर केस रात्रभर बंदच राहू द्या, म्हणजे लाकूड खोलीच्या हवेला हळूहळू सरावतं.

मग तपासणी. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे ०.३ ते ०.४ मिलिमीटरची फट हवी. बाराव्या फ्रेटवर ई तार अडीच आणि जी दोन मिलिमीटर उंच असेल तर ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, बहुतेकांना सोयीची पडते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्युनरवर एकच यायला हवा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. कुठे खरखर आली तर फ्रेटचा नंबर लिहून ठेवा. नॉब हळू फिरवत आवाज सगळ्या प्रवासात सारखा वाढतो का, ते ऐका. शेवटी पट्टा लावून दोन्ही हात सोडा आणि नेक खाली जाते का बघा.

उन्हाळ्यात बास कूलरच्या झोतात ठेवू नका. खोलीतली कोरडी हवा आणि कूलरची ओली हवा यांच्यात नेक दिवसातून दोनदा हलते. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक आणि आर्द्रता राखणारी पाकिटं ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असलेला चांगला. ट्रस रॉडची चावी लुथिअरकडून बाससोबतच मागून घ्या. एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबून पुन्हा फट मोजायची.

मे संपताना एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा नेकची फट, ॲक्शन आणि फ्रेटची टोकं तपासा, आणि आकडे तारखेसह लुथिअरला पाठवा. टोकं टोचत असतील तर घरी कानस घेऊन बसू नका. पहिल्या वर्षीची ही घासाई करारात धरलेली असेल तर ती त्याच्याकडूनच करून घ्या.